‘फौजीची मजा’ या मेसेजला एका हवालदाराच्या मुलाचं उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. त्यातला एक ग्रुप तर आमच्या भावकीचा. मजकूर थोडक्यात असा: ‘फौजी पस्तिशीत रिटायर. मग जन्मभर बसून पेन्शन. रेशन फुकट, दारू फुकट, दवाखाना फुकट, रेल्वे आणि टोल फुकट. सरकारी नोकरी राखीव, वर सरकारी जमीन. बायको घरबसल्या मालकीण. आणि शेतकरी उपाशी. विचार करा!’ खाली जोडलेल्या हातांच्या तीन इमोजी.

केला विचार. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, १९६५ साली एकोणिसाव्या वर्षी भरती झाले आणि १९८२ साली हवालदार म्हणून रहिमतपूरला घरी आले. मधल्या १९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानबरोबरच्या युद्धात, ते पहिल्या मराठा पलटणीबरोबर, म्हणजे जंगी पलटणीबरोबर, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. त्यांच्या घरात काय फुकट आलं आणि कशाचे पैसे मोजले, हे मी पाहिलेलं आहे.

आधी मेसेजचं शेवटचं वाक्य घेतो, कारण राग त्याचाच आला. फौजी एक आणि शेतकरी दुसरा, असं ज्याला वाटतं त्यानं सातारा जिल्हा पाहिलेला नाही. दीड एकर रान, भाऊ तीन, पाऊस बेभरवशाचा. म्हणून एकानं बेळगावच्या सेंटरची, म्हणजे मराठा पलटणींच्या प्रशिक्षण केंद्राची, वाट धरायची, हीच इथली रीत. जवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांच्या नावानं इंग्रजांनी गावात दगड उभा केला. तेही शेतकऱ्यांचेच पोरगे होते. तात्यांच्या मनीऑर्डरीतूनच आमच्या विहिरीवर इंजिन बसलं. शेतकरी उपाशी असेल तर त्याचा जाब सरकारला विचारा, फौजी त्याच्याच घरातला आहे.

आता ‘पस्तिशीत रिटायर, जन्मभर पेन्शन’.

शिपायाला पेन्शन बसायला किमान पंधरा वर्षांची नोकरी लागते. फौज तरुण ठेवायची म्हणून जवानाला पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवतात. ही त्याची हौस नसते. तात्या परतले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते, मी चौथीत, धाकटी बहीण अजून शाळेतही नव्हती. त्याच वर्षी नोकरीत असलेला त्यांचा वर्गमित्र, राज्य सरकारी कारकून, अठ्ठावन्नपर्यंत पूर्ण पगार, बढत्या आणि वेतनवाढी घेत राहिला आणि मग सगळ्यांत वरच्या पगारावर त्याची पेन्शन ठरली. तात्यांची पेन्शन ठरली छत्तिसाव्या वर्षीच्या पगारावर. आकडा तीन अंकी होता. मेसेजवाला म्हणतो, पेन्शन लवकर सुरू होते. आमच्या घराला जाणवलं ते एवढंच, की पगार बावीस वर्षं आधी बंद झाला.

‘बसून’ हा शब्द तर मुळीच नको. आल्यापासून तिसऱ्या महिन्यात तात्या साखर कारखान्यावर वॉचमन म्हणून उभे राहिले, रात्रपाळीला.

शिवाय एकाच हुद्द्याचे आणि तेवढ्याच नोकरीचे दोन हवालदार, एक १९८२ साली सुटलेला आणि एक २००६ नंतर, यांच्या पेन्शनीत मोठी तफावत असायची. ‘वन रँक वन पेन्शन’चा आदेश निघाला नोव्हेंबर २०१५ मध्ये, लागू झाला १ जुलै २०१४ पासून. तोपर्यंत तात्या सत्तरीला टेकले होते. थकबाकी हप्त्याहप्त्यानं आली. पहिल्या हप्त्यात त्यांनी घराची कौलं काढून पत्रा घातला आणि मग वर्षभर ‘कौलंच बरी होती’ म्हणत राहिले.

आणि सगळ्यांनाच पेन्शन असते, हेही खोटं. आमच्या आळीतले बापू १९६५ च्या युद्धात दुसऱ्या मराठा पलटणीबरोबर पंजाबच्या सीमेवर हुसेनीवालाच्या पुलावर होते. वडील वारले, रान पडीक पडायला लागलं, म्हणून सात-आठ वर्षांत स्वतःहून नाव कमी करून आले. लढाई केली, पण पंधरा वर्षं भरली नाहीत, पेन्शन शून्य. अशा पासष्टी ओलांडलेल्या, पेन्शन नसलेल्या हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं एक अनुदान आहे. बरीच वर्षं ते महिना ४,००० रुपये होतं, २०२५ च्या अखेरीस ८,००० झालं. प्रत्येक फौजीला जन्मभर पेन्शन असती तर सरकारला ही योजना काढायची गरज पडली नसती.

२०२२ पासून तर अग्निवीर आहेत. चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम. बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी दोघांची मुलं याच अग्निवीर भरतीसाठी सध्या पहाटे साडेचारला उठून सोळाशे मीटर पळतात. पोरांनी बापांना सांगितलेलं दिसत नाही.

रेशन आणि दारू. गल्लत कुठं झाली ते कळतं: नोकरीतल्या जवानाचं रेशन फौजेकडून असतं. सुटल्यावर ते संपतं. मग उरतं फौजेच्या कँटीनचं कार्ड. कँटीनमध्ये साबणापासून मिक्सरपर्यंत प्रत्येक वस्तूचे पैसे मोजावे लागतात. करात सवलत असते म्हणून बाजारापेक्षा स्वस्त पडते, आणि महिन्याला किती घ्यायचं याला मर्यादा असते. दारूचंही तेच. हुद्द्याप्रमाणे कोटा, पैसे रोख. फायदा नाही असं मी म्हणत नाही. आमच्या घरात चहापत्ती, खोबरेल तेल आणि पहिला कुकर कँटीनचाच. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. तात्या माळकरी. त्यांच्या कोट्याची बाटली त्यांनी कधी तोंडाला लावली नाही, आणि तरी ती दर महिन्याला संपायची. कोण मागून न्यायचं? भावकीच्या ग्रुपवर ज्यांनी हा मेसेज टाकला ते चुलते. कधी छापील किमतीचे पैसे दिले, कधी तेही नाहीत. तेव्हा ‘दारू फुकट’ हे त्यांच्यापुरतं खरं आहे!

दवाखान्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे आणि ती नसती तर तात्यांची बायपास झाली नसती. पण ती सुरू झाली १ एप्रिल २००३ ला. त्याआधीची एकवीस वर्षं आमच्यासाठी फौजेचा दवाखाना म्हणजे पुणे. रहिमतपूर स्टेशनावरून गाडी पकडायची, दिवसभर रांग, रात्री परत. १९९६ च्या आधी सुटलेल्यांना वर्गणी माफ होती. आता सुटणाऱ्या हवालदारालासुद्धा एकदाच पण ३०,००० रुपये भरावे लागतात. साधा नियम असा की पेन्शन असेल तर कार्ड. बापूंना पेन्शन नव्हती, त्यामुळे कार्डही नव्हतं. त्यांचा मोतीबिंदू धर्मादाय शिबिरात निघाला.

रेल्वे आणि टोल दोन ओळींत. रेल्वेचा फुकट पास परमवीर, महावीर, वीरचक्र अशा शौर्यपदकवाल्यांना असतो. साधा निवृत्त हवालदार तिकीट काढतो. टोलमाफी ड्यूटीवरच्या जवानाला, निवृत्ताला नाही.

नोकरीचं राखीव हे कागदावर चांगलं दिसतं. महाराष्ट्रात क आणि ड वर्गात पंधरा टक्के, केंद्रात क वर्गात दहा आणि पूर्वीच्या ड वर्गात वीस टक्के जागा माजी सैनिकांसाठी. वयाची सवलतही असते. पण परीक्षा द्यावीच लागते. सतरा वर्षं मशीनगन, खंदक आणि नकाशावाचन केलेल्या सातवी पास माणसानं विशीतल्या पदवीधरांच्या शेजारी बसून टायपिंगचा पेपर सोडवायचा. तात्यांनी दोनदा अर्ज केले आणि सोडून दिलं. जमालपूरच्या वाटेवर १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री वेढा फोडून निसटू पाहणाऱ्या ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीला ज्या पलटणीनं रोखून धरलं, तिच्यातल्या या माणसाच्या अनुभवाला आमच्या तालुक्यात एकच बाजारभाव होता: गेटवरची खुर्ची आणि परवान्याची बारा बोअरची बंदूक. आजही पुण्यातल्या सोसायट्यांच्या गेटवर जाऊन विचारा, एखादा नाईक किंवा हवालदार भेटेल.

जमीन. सरकारी पडीक जमीन माजी सैनिकाला देण्याची तरतूद आहे. ती भोगवटादार वर्ग-२ म्हणून मिळते, म्हणजे कलेक्टरांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि बहुतेकदा गावानं जी नाकारली तीच शिल्लक असते. आमच्या ओळखीच्या एका सुभेदारांना मिळाली, वर जायला वाट नव्हती.

राहिली ‘घरबसल्या मालकीण’.

आईचं लग्न १९७० चं. तात्या सुटले १९८२ ला. आजच्या हिशेबानं जवानाला वर्षाला साठ दिवस अ‍ॅन्युअल आणि तीस दिवस कॅज्युअल रजा. ती सगळी मिळाली असं धरलं, आणि १९७१ साली तर रजाच बंद होत्या, तरी बारा वर्षांत तीन वर्षं सोबत. त्यात बेळगावला दीड वर्ष क्वार्टर मिळालं ते वेगळं. उरलेली साडेसात वर्षं तिनं सासू-सासरे, दोन दीर, गोठा आणि पोरं सांभाळली, आणि ‘९९ एपीओ’ या फौजेच्या टपालाच्या पत्त्यावर पत्रं घातली, लिहायला शेजारची मुलगी, सांगायला आई, त्यामुळे मनातलं निम्मं लिहायचं राहिलं. माझा जन्म झाल्याचं तात्यांना तारेनं कळलं. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रांगत होतो आणि त्यांना बघून मोठ्यानं रडलो, असं ती अजून सांगते.

२०१९ ला तात्या गेले. साध्या मृत्यूनंतरचं कुटुंबनिवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. त्याचे कागद करायला बसलो तर आईची तीन नावं निघाली. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. आधारवर सासरचं, पण काना कमी. तात्यांच्या फौजेच्या डिस्चार्ज बुकात तिसरंच, तात्या तिला ज्या नावानं हाक मारायचे ते. जन्मतारीख एकीकडे १ जून, दुसरीकडे नुसतं साल. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, दोन साक्षीदार, पुन्हा प्रतिज्ञापत्र. सात महिने गेले. त्या काळात घर माझ्या पगारावर चाललं. जिला माझ्यासारखा नोकरीवाला मुलगा नाही ती काय करते, ते मेसेजवाल्यानं एकदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर बसून पाहावं.

शेवटी पासबुकात पहिली रक्कम पडली. आईनं विचारलं, “किती आले?” मी आकडा सांगितला. तो तिनं ऐकलाच नसावा. “नाव कुठलं घातलंय?” मी म्हणालो, “तात्यांनी दिलेलं.” तिनं पासबुक हातात घेतलं, चष्मा शोधला, आणि ती ओळ बोट ठेवून वाचली.