गेमची ओढ म्हणजे नशा नव्हे

पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर वारंवार फिरतो: व्हिडिओ गेम म्हणजे ‘डिजिटल हेरॉइन’, त्यातून ड्रग्जइतकंच डोपामाइन (मेंदूतलं ओढ लावणारं रसायन) सुटतं, मुलं फुकटच्या बक्षिसांसाठी खेळतात, जगापासून पळतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेनंही गेम खेळणं आजार ठरवलाय. यामागची काळजी मला समजते. पण मूल नेमकं कशासाठी खेळतंय, हे बघायचंच त्यात राहून जातं.

आधी डोपामाइन. या दाव्याचं मूळ 1998 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात आहे. लंडनमध्ये 8 पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळायला दिला आणि मेंदूचं पीईटी स्कॅन केलं. डोपामाइन वाढलं, आणि ती वाढ अ‍ॅम्फेटामाइन या उत्तेजक ड्रगच्या इंजेक्शननंतर दिसते तेवढी आहे असं संशोधकांनी लिहिलंही. पण माणसं आठच, शिवाय लेव्हल पार केल्यावर पैसे मिळणार होते. आणि जो जास्त चांगला खेळला, त्याचं डोपामाइन जास्त, हे त्याच अभ्यासात आहे. नशा चढायला काही जमावं लागत नाही.

बक्षिसांचं म्हणाल तर टेट्रिस बघा. अलेक्सी पाजितनोव यांनी तो 1984 मध्ये मॉस्कोत बनवला. वरून तुकडे पडतात, ते रचायचे, आणि कधी ना कधी हरायचंच. निन्टेंडोच्या टेट्रिसमध्ये 29व्या लेव्हलला तुकडे इतक्या वेगानं येतात की बटण नुसतं दाबून धरलं तर ते कडेपर्यंत पोचत नाहीत. कित्येक वर्षं तोच शेवट मानला जायचा. मग खेळाडूंनी अंगठा थरथरवून बटण भराभर दाबायला सुरुवात केली. पुढे अंगठा बटणावर स्थिर ठेवून कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखी बोटं वाजवायची युक्ती निघाली. डिसेंबर 2023 मध्ये 13 वर्षांचा विलिस गिब्सन याच युक्तीनं 157व्या लेव्हलला पोचला आणि गेमच गोठला. त्या क्षणी गेमनं त्याला काय दिलं? थांबलेला स्क्रीन. तरी तो आनंदानं थरथरत होता, कारण आजवर कुणालाच न जमलेलं त्याला जमलं होतं. चूक तत्क्षणी कळते, कुणी रागवत नाही, लगेच पुन्हा सुरुवात करता येते. अशी शिकायची सोय मुलांना दुसरीकडे क्वचितच मिळते, असं माझं ठाम मत आहे.

जगापासून पळ? बीजीएमआय या मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये एका स्क्वॉडमध्ये, म्हणजे संघात, चौघं असतात. एक नॉक झाला, म्हणजे घायाळ होऊन पडला, की दुसरा त्याला रिव्हाइव्ह करायला, पुन्हा उभं करायला धावतो, तिसरा कव्हर देतो, हेडफोनमधून आरडाओरडा चालू असतो. रायन, रिग्बी आणि प्रशिबिल्स्की या संशोधकांच्या 2006च्या अभ्यासातही हेच: आपलं आपण ठरवता येणं, जमत जाणं आणि सोबत, यांची ओढ. काही मुलं शाळेतला किंवा घरातला त्रास विसरायलाही खेळतात. मग चौकशी त्या त्रासाची व्हायला हवी.

आजाराचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या, 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होऊनही न थांबणं, आणि हे साधारण 12 महिने चालणं लागतं.

भीती बाळगायचीच तर गेममधल्या पैसे भरून उघडायच्या लूट बॉक्सची, म्हणजे बंद बक्षीस-पेट्यांची बाळगा. आत काय निघेल ते नशिबावर. खेळाडूचं कसब तिथे कामाला येत नाही. बेल्जियमनं 2018 मध्येच त्यांना जुगार ठरवलं.