खुलासा: एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्यांनी गुदद्वाराचा कॅन्सर होत नाही
निपाणी-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘एचआयव्हीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की गुदद्वाराला कॅन्सर होतो, बंद करा.’ चूक, आणि घातकही. पेशींत कॅन्सरपूर्व बदल घडवतो तो एचपीव्ही (त्वचेच्या संपर्कातून पसरणारा ह्यूमन पॅपिलोमा) विषाणू, मुख्यतः त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार. सीडी४ पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कधीकाळी संख्येने फार खाली गेल्या असतील तर शरीराला तो हटवणं जड जातं. गोळ्या उलट त्याच पेशी सावरतात. गुदमैथुनाने धोका वाढतो, पण ते न केलेल्या पुरुषांतही हा विषाणू सापडतो, तेव्हा कुणाच्या चारित्र्यावर बोट नको. विडी-सिगारेटनेही धोका वाढतो (तंबाखूच्या निपाणीत हे सांगायचं म्हणजे!). रक्त पडलं की मूळव्याध समजून अंगावर काढू नका, तपासून घ्या. अमेरिकेतल्या अँकर अभ्यासात (२०२२) तीव्र कॅन्सरपूर्व बदल वेळीच काढल्याने एचआयव्हीबाधितांतलं या कॅन्सरचं प्रमाण ५७ टक्क्यांनी घटलं.