मगरीच्या अंड्यांचा महिना

पाडव्याचं तोरण अजून दारावर आहे. आळस नव्हे. अमेरिकेतल्या आमच्या घरी तोरणाशेजारच्या दिव्यावर रॉबिन पक्षिणीने गवत आणि चिखल थापून घरटं बांधलंय आणि गेल्या आठवड्यापासून त्यात चार निळी अंडी आहेत. त्यामुळे आम्ही चौघं गॅरेजच्या दाराने ये-जा करतो. धाकट्याची पहिली पावलंही त्याच उतारावर पडली, तीन पावलं आणि मग फतकल. थोरलीचा दात पडला तेव्हा आई बडोद्याहून व्हिडिओवर म्हणाली, "छपरावर फेक, उंदीरमामा नवा देईल." पोरीने नकार दिला. पक्षीण दचकेल म्हणे! दात डबीत आहे.

दिवा बदलायला आलेला माणूस घरटं बघून तसाच परत गेला. "पिल्लं उडाली की बोलवा." अमेरिकेत 1918 चा कायदा आहे, अंडी असलेलं असं घरटं हलवता येत नाही. चार अंड्यांसाठी महिनाभर पुढचं दार बंद, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

आमच्या बडोद्याच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर मात्र दोन तट पडलेत. ऑगस्ट 2024 मध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट असताना पाणी 35 च्या वर गेलं. समा भागात आईच्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीपर्यंत आलं. 2025 च्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद करायचं काम काढलं, आणि नदीत फेब्रुवारी 2025 च्या मोजणीप्रमाणे 442 मगरी होत्या. काका विचारतो, माणसं महत्त्वाची की मगरी? मावसभाऊ उत्तर देतो, नदी आधी मगरींची. रात्री अकरापर्यंत हेच.

मला दोघांचं पटत नाही. गाळ काढायलाच हवा. आईचे फुगलेले दरवाजे मी पाहिलेत. प्रश्न महिन्याचा आहे. मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठावर खड्डा खणून पंचवीस-तीस अंडी घालते, वर माती सारते, आणि पिल्लं जूनच्या आसपास बाहेर येतात. पोकलेन चालवणाऱ्याला ती माती दिसते, आतलं काही नाही. बाबा म्हणतात, पावसाळ्यात काम होत नाही, मग उन्हाळाच उरतो. बाबांना मी विचारलं, पूर ओसरल्यापासून जानेवारीपर्यंतचे कोरडे महिने कुठे गेले? ते म्हणाले, "ते तू तिथून विचार." टोमणा बरोबर लागला.

कारण माझी रॉबिनची माया फुकटची आहे. ती चावत नाही. इथल्या शेजाऱ्यांच्या हिरवळीवर औषध मारलं की पिवळी झेंडी लागते: मुलं आणि कुत्री लांब ठेवा. झेंडी गांडुळांना वाचता येत नाही आणि रॉबिन तीच गांडुळं पिल्लांना भरवते. फ्लोरिडात तर मगरीची चुलत बहीण, ॲलिगेटर, चार फुटांच्या वर असली आणि कुणाच्या तळ्यात नकोशी झाली की तिला पकडून बहुधा मारतात. बडोद्यात पुराच्या तीन दिवसांत वस्तीतून 24 मगरी पकडल्या. अशी पकडलेली मगर परत पाण्यातच सोडायची, ही तिथली रीत. आईच्या सोसायटीत पार्किंगमध्ये एक होती. मगरी पकडणारी पोरं आली, डोळ्यांवर पोतं टाकलं, तोंड दोरीने बांधलं, टेम्पोत घातली. आईने त्यांना चहा दिला आणि मला फोनवर सांगितलं, "लहान होती गं, सहा फुटी." पुराचं पाणी दाराशी असताना हे बोलणाऱ्या बाईला मगरींचं महत्त्व पटवायची गरज नाही. निदान मी तरी पटवू नये.

पण काम कुठल्या महिन्यात काढायचं हे आईला कुणी विचारलेलं नाही, आणि मगरीला तर नाहीच.

काल बोलताना मागे पोकलेनचा घरघराट येत होता. आईने माझ्या अंड्यांची चौकशी केली, किती दिवसांत फुटतात? म्हटलं, बारा-चौदा. "मग झालंच की," ती म्हणाली, आणि खिडकी बंद करायला उठली.