लाइन गेली!

मे महिन्यात दुपारी दोन वाजता कूलरची घरघर थांबते आणि अख्खं नागपूर एका सुरात म्हणतं, "लाइन गेली!" पुण्याहून आलेला पाहुणा विचारतो, "कुठली?" त्याच्या गावात लाइट जातात, त्याला काय कळणार!

अशा वेळी पहिलं काम खिडकीतून ओरडायचं : "तुमच्याकडे आहे काय जी लाइन?" 'नाही' आलं की जीव भांड्यात पडतो. 'आहे' आलं तर मात्र भोग आपल्या एकट्याचे. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, खाली पडला असेल, तो उचलावा. लगेच पुन्हा पडला तर आधी कूलरच्या पंपाचा प्लग काढावा. पाण्यात बुडून बसलेला तो गडीच बहुतेक वेळा गुन्हेगार निघतो. आणि पंखा रांगतोय, कूलर नुसताच गुणगुणतोय, म्हणजे व्होल्टेज पडलंय. बटण बंद करा, नाहीतर मोटरचं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, जळेल.

इलेक्ट्रिशियन आला की पाहुण्याचं उरलंसुरलं डोकं जातं. "लाइन आहे, न्यूट्रल नाही," तो टेस्टर खुपसून सांगतो. "आहे ना, मग पंखा का फिरत नाही?" अहो, त्याच्या भाषेत ज्या तारेवर टेस्टर पेटतो ती लाइन. परतीची वाट न्यूट्रलची. तीच तुटली तर पंखा फिरेल कसा? आणि बटण नेहमी लाइनवर घ्यायचं. कुणा शहाण्यानं न्यूट्रलवर घेतलं असेल, तर बटण बंद करूनही होल्डर जिवंत, म्हणजे करंट मारणारा, राहतो आणि एलईडी रात्रभर भुतासारखा मिणमिणतो.

बाकीच्या लाइनी सोप्या. सिव्हिल लाइन्स आणि पोलीस लाइन टाकळी या वस्त्या, तिथली लाइनही जाते. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीला नेते, अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगरला; बर्डीवर, म्हणजे सीताबर्डी स्टेशनात, लाइन बदलायची, त्यासाठीही लाइनीत उभं राहायचं. पोरगं लाइनीला लागलं तर पेढे, लाइन मारताना सापडलं तर चप्पल. मात्रेचा नव्हे, क्रियापदाचा फरक!

गंमत म्हणजे या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'लिनम'मध्ये आहे. लिनम म्हणजे जवस. जवसाच्या धाग्याची दोरी, दोरीवरून रेघ, रेघेवरून रांग, तार, सगळं. इंग्रजांनी जवसाची लाइन केली, आपण चटणी केली. जवस तडतडेपर्यंत भाजा, लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ घाला. मिक्सर काढू नका, लाइन नाही. खलबत्ता घ्या.