चौक काढायचाय? आधी एक सेनापती पकडा

तुमच्या एरियात एखादा बिननावाचा चौक, नाला कव्हर केलेली पट्टी किंवा तीन कुंड्या ठेवून झालेलं 'उद्यान' शिल्लक असेल आणि पुढची निवडणूक जवळ आली असेल तर उगाच कवी, गायक, समाजसुधारक वगैरेंच्या फंदात पडू नका, मी आधीच सांगतोय. कवीचं नाव दिलं की दुसऱ्या कवीचे लोक रुसतात, समाजसुधारक म्हटलं की कुठल्या समाजाचा हा प्रश्न आलाच. सेनापती घ्या. सेनापतीच्या नावाला प्रभाग समितीत विरोध करायची कोणाची टाप नाही, केलाच तर तो माणूस पाकिस्तानात जायच्या लायकीचा आहे हे दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आपोआप फिरतं.

पण आडनाव बघून घ्या हां. आमच्या गोरेगावात पूर्वेला हायवेवरून फिल्म सिटीकडे वळलात की जो रस्ता लागतो ना, मॉलवाला, त्याचं नाव जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग. हे नाव मी एकदा रिक्षावाल्याला मोठ्या अभिमानाने पूर्ण सांगितलं, तर तो आरशातून माझ्याकडे बघत काळजीने म्हणाला, "जनरल वैद्य म्हणजे क्या, आयुर्वेदिकवाले डॉक्टर? तबियत ठीक नाहीये का साहेब?" आता हा माणूस अलिबागचा, ६५ च्या युद्धात डेक्कन हॉर्सचे रणगाडे घेऊन लढला, ७१ ला परत लढला, महावीर चक्र एकदा नाही दोनदा मिळालं, मग लष्करप्रमुख झाला, आणि रिटायर होऊन पुण्यात राहायला आल्यावर सहा-सात महिन्यांत, १० ऑगस्ट १९८६ ला, त्याच्या काळात सुवर्णमंदिरात झालेल्या ऑपरेशन ब्लू स्टारचा राग धरून अतिरेक्यांनी त्याला भर रस्त्यात गोळ्या घातल्या. एवढं सगळं करून मुंबईत त्याची ओळख काय, तर जनरल फिजिशियन. मी रिक्षावाल्याला काही बोललो नाही. म्हटलं, "फिल्म सिटी रोड." तो म्हणाला, "असं सांगा ना मग."

बरं पूर्ण नाव लिहायचं तरी कशाला? पत्त्यात ते 'जन. ए. के. वैद्य मार्ग' असं मावतं. नाव शॉर्टमध्ये मारणं ही आपल्या मुंबईची खासियतच आहे आणि तिचा तुम्ही पुरेपूर फायदा घ्या, कारण एकदा नावाची इनिशियल्स झाली की पुढे त्या माणसाबद्दल कोणाला काही माहीत असायची गरजच उरत नाही. सेनापती बापट मार्ग घ्या. त्याचा एस. बी. मार्ग झाला, म्हणजे अख्खा सेनापती एका 'एस'मध्ये कोंबला. तरी लोक त्याला तुळशी पाईप रोडच म्हणतात, तुळशी तलावाच्या पाण्याचा पाईप जिंकला आणि सेनापती हरला. दादरला पहाटे फुलं घ्यायला जाणारी मंडळी दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या रस्त्यावर एकमेकांच्या पायावर पाय देत उभी असतात, त्यातल्या दहा जणांना विचारा बापट कुठल्या लढाईत होते. पानिपत म्हणतील.

गंमत म्हणजे बापट आर्मीत नव्हतेच. पारनेरचा माणूस, विलायतेला जाऊन इंजिनिअरिंगऐवजी बॉम्ब बनवायची कृती शिकून आला, आणि १९२१ ला मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणात जाऊ नयेत म्हणून जो सत्याग्रह झाला त्याचं नेतृत्व केलं म्हणून लोकांनी सेनापती म्हणायला सुरुवात केली. हरलेली लढाई होती ती, धरण झालंच. आता कंपनीला जमीन द्यायची नाही म्हणून तुरुंगात गेलेल्या माणसाचं नाव आपण कुठल्या रस्त्याला दिलं? तर जिथे गिरण्यांच्या जमिनींवर काचेचे टॉवर उभे राहिले त्या रस्त्याला. ब्रोशरमध्ये छापतात, 'सेनापती बापट मार्गावर, सी व्ह्यू'. त्यामुळे माझा सल्ला असा की माणूस ज्या गोष्टीविरुद्ध लढला तीच गोष्ट जिथे जोरात चालू आहे अशी जागा शोधा, मुंबईत ही प्रथा जुनी आहे. बॅकबेला समुद्रात टाकलेल्या भरावातला घोटाळा बाहेर काढणाऱ्या नरिमनांचं नाव भरावाच्याच जमिनीला दिलेलं आहे, आणि तिथला भाडेदर बघितलात तर नाव द्यायला आपण किती वर जागा निवडली हे कळेल.

त्याच नरिमन पॉइंटला, मंत्रालयाच्या बाजूला, जनरल जगन्नाथराव भोसले मार्ग आहे. हे कोण ते माहितीये? नसेल, मलाही त्याच रस्त्यावरच्या चव्हाण सेंटरला कार्यक्रमाला जाऊन जाऊन दहा वर्षं झाली तोवर नव्हतं. सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे. आझाद हिंद सेनेत नेताजींच्या हाताखालचे बडे अधिकारी, आणि स्वातंत्र्यानंतर केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री. पुनर्वसन! आणि रोज सकाळी त्या मंत्रालयाच्या रांगेत पिशवीत कागद घेऊन कोण उभं असतं? धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, चाळीस-चाळीस वर्षं पुनर्वसन न झालेली माणसं. त्यांना बिचाऱ्यांना पाटी वाचायला वेळ नसतो, आत जाणाऱ्यांच्या गाडीला काळी काच असते, म्हणजे पाटी सेफ. स्वतः नेताजींचा रस्ता तिथून हाकेच्या अंतरावर, आख्ख्या मरीन ड्राइव्हला त्यांचं नाव आहे, पण 'चल नेताजी सुभाष मार्गावर बसून भेळ खाऊ' असं म्हणणारा मुंबईकर मी अजून बघितलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं विसरण्याचंच चाललंय, कायम टिकेल असं काहीतरी सांगा. सोपं आहे, शत्रूचा सेनापती घ्या. कुलाब्याला रीगल टॉकीजसमोर जे दगडी कारंजं आहे ना, म्युझियमजवळच्या सर्कलमध्ये, ते १८६५ पासून तिथे आहे आणि वेलिंग्टनसाहेबाच्या स्मरणार्थ आहे. हाच तो आर्थर वेलस्ली ज्याने २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा माणूस, पण म्हातारपणी सगळ्यात भारी लढाई कोणती विचारलं तर असईचंच नाव घ्यायचा म्हणतात. चौकाचं नाव आपण बदललं, श्यामाप्रसाद मुखर्जी चौक केलं, कारंजं मात्र नीट दुरुस्त केलं, २०१७ ला युनेस्कोची दादही मिळवली. लोक तिथे उभे राहून सेल्फी काढतात. आपल्याला ज्याने हरवलं त्याची दगडातली जाहिरात आपणच घासूनपुसून ठेवली याला मी मोठेपणा म्हणतो, कोणी काय म्हणायचं ते म्हणा.

कॉर्नवॉलिसचं तर त्याहून भारी. अमेरिकेत यॉर्कटाऊनला १७८१ ला सगळी फौज घेऊन शरण गेलेला हा माणूस, त्याचा पुतळा फोर्टात बसवला तर आपले लोक त्याला फुलं वाहायला लागले, जुन्या मुंबईच्या वर्णनात त्या जागेला छोटं देऊळ म्हणायचे असं लिहिलंय. नवस फेडले की नाही माहीत नाही. सध्या साहेब भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात उन्हात असतात, नवस बोलायचा असेल तर सोमवार ते रविवार चौकशी करून जा.

आणि नाव बदललं तरी टेन्शन घेऊ नका, काही बदलत नाही. अंदमानचं हॅवलॉक बेट २०१८ च्या डिसेंबरात स्वराज द्वीप झालं. तरी दादरच्या कुठल्याही टूरवाल्याकडे हनिमूनचं पॅकेज विचारा, हॅवलॉक टू नाइट्स थ्री डेज. जनरल हॅवलॉक म्हणजे १८५७ ला कानपुराजवळ नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवणारा. म्हणजे शनिवारवाड्यासमोर प्रीवेडिंग शूट करायचं आणि हनिमूनला हॅवलॉकला जायचं, दोन्ही बाजूंचा मान राखला जातो.

एक नाव मात्र मला खरंच आवडतं, इथे थट्टा नाही. फोर्टात जिथे इंग्रजांचा बॉम्बे कॅसल होता, जिथे बसून ते कान्होजी आंग्र्यांना कसं संपवायचं याचे बेत करायचे आणि १७१८ ला खांदेरीवर जाऊन मार खाऊन परत यायचे, त्याच जागेत आज नौदलाचा तळ आहे आणि त्याचं नाव आयएनएस आंग्रे. शत्रूच्या घराला आपलं नाव. पण बघा, तो नौदलाचा तळ, तिथे तुम्हाला-मला कोणी आत सोडत नाही, फ्लेक्स लावता येत नाही, म्हणूनच ते नाव नीट राहिलं असावं.

पुतळाच बसवायचा असेल तर नुसता घोडा बसवा. फोर्टातला काळा घोडा बघा, त्या पुतळ्यात वर बसलेला इंग्रज राजपुत्र १९६५ ला राणीबागेत गेला, लोक तरी काळा घोडाच म्हणत राहिले, मग २०१७ ला त्याच भागात बिनस्वाराचा घोडा आणून उभा केला. स्वार नाही म्हणजे वाद नाही, जयंती नाही, पुण्यतिथी नाही, घोड्याचा कुठला पाय वर असला की स्वार कसा मेला हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज पण नाही.

उद्घाटनाचं विसरू नका. फ्लेक्सवर तुमचा फोटो मोठा, तुमच्या साहेबांचा त्याहून मोठा, शुभेच्छुकांचे चोवीस गोल फोटो खाली, आणि सेनापती वरच्या कोपऱ्यात, स्टॅम्पएवढा, गूगलवरून. तो एकदा तपासून घ्या मात्र. आमच्या इथे एका चौकाच्या वेळी घाईघाईत पोराने युनिफॉर्ममधल्या नटाचाच फोटो टाकला होता, तीन दिवस फ्लेक्स लागलेला होता, भाषणं झाली, नारळ फुटला, आणि एकाला कळलं असेल तर शपथ, उलट खालच्या मजल्यावरचे जोशीकाका मला म्हणाले, "जनरलसाहेब तरुणपणी काय रुबाबदार दिसायचे नाही?"