खाचकारवरचं चक्र कुणाचं?

आर्मेनियातल्या खाचकारांबद्दल, म्हणजे क्रूस कोरलेल्या उभ्या शिळांबद्दल, एक मजकूर सध्या फिरतोय. त्यातले दावे असे: ही नुसती थडगी आहेत, सगळी एका साच्यातली आहेत, आणि क्रुसाखालचं चक्र हा आपल्या सूर्यमंदिरांचा अवशेष, क्रूस त्यावर नंतर कोरला.

सगळा जोर चक्रावर आहे, म्हणून आधी तेच. खाचकार हे उठावाचं काम. भोवतीचा दगड खोल उतरवत नेला की क्रूस वर राहतो. चक्र आधीचं असेल, तर क्रुसापुरता उंच दगड कोणी राखून ठेवला होता? शिवाय क्रुसाच्या पायथ्यातून पानं फुटून दोन्ही बाजूंनी वर वळतात, खालच्या चक्राशी जुळतात. सगळी मांडणी एकदमच आखलेली असते. वधस्तंभाचं लाकूड इथे पालवी फुटलेला जीवनवृक्ष होतं, म्हणून बहुतेक खाचकारांवर येशूची आकृती नसते. हाघपात मठातला १२७३चा खाचकार हा गाजलेला अपवाद. चक्राला कोणी सूर्य म्हणतं, कोणी अनंतत्व. ख्रिस्तपूर्व धागा आहेच. ‘विशाप’ नावाच्या प्रागैतिहासिक शिळांवरही पुढे क्रूस कोरले गेले. पण त्या शिळाही तिथल्याच डोंगरांतल्या. सूर्य काय फक्त आपल्याकडेच उगवतो?

थडग्यांचं म्हणाल, तर नोरातुसच्या दफनभूमीत शेकडो खाचकार आहेत, हे खरं. पण विजय, चर्चची उभारणी, पूल, झरा यांसाठीही ते उभारत. गार्नीचा ८७९चा खाचकार राणी कात्रानिदेने स्वतःच्या आत्म्याच्या कल्याणासाठी उभारला. आपल्याकडे वीरगळ वेगळा, दानाचा शिलालेख वेगळा. तिथे दोन्ही कामं एकच दगड करतो.

‘एका साच्यातले’ म्हणणाऱ्याने गोशावांक मठातला, पोघोस या कारागिराचा १२९१चा दगड पाहिलेला नाही. थराखाली थर, दगडात जाळी.

अशा मजकुरावर हसून सोडून देता येत नाही, कारण खाचकारांची मालकी बदलण्याचा खेळ आधी झालेला आहे. अझरबैजानच्या नाखिचेवान प्रांतातल्या जुल्फा गावचे खाचकार आर्मेनियन नव्हेतच, असं अझरबैजानमध्ये लिहिलं गेलं. डिसेंबर २००५मध्ये तिथले उरलेसुरले हजारो दगड सैनिक घणांनी फोडत असताना अरस नदीपलीकडून, इराणमधून, चित्रीकरण झालं. अझरबैजान सरकार अजूनही ते नाकारतं. याच जुल्फाच्या लोकांना शाह अब्बासने १६०४-०५मध्ये इस्फहानला हलवलं होतं. तिथल्या त्यांच्या ‘न्यू जुल्फा’ या वस्तीतले व्यापारी पुढे सुरतेला आणि मुंबईला आले.