‘पायी सीमा ओलांडायची होती, गाडीतून नेलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमच्या तक्रारी तीन आहेत. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणाऱ्या तूर द्यु माँ ब्लाँच्या वाटेवर इटलीतून स्वित्झर्लंडमध्ये पायी जायचं ठरलेलं असताना लीडरने एलेना हटवरून (इटलीच्या बाजूचा डोंगरातला मुक्कामाचा निवारा) गट माघारी फिरवला आणि गाडीने नेलं. पासपोर्टवर स्विस शिक्का मिळाला नाही. फोनचं बिल अवाच्या सवा आलं. ‘नुसती भुरभुर होती, सह्याद्रीत आम्ही याहून मोठ्या पावसात चालतो’ असंही तुम्ही म्हटलंय.

लीडरचा निर्णय बरोबर होता असंच आमचं मत आहे. ग्रां कोल फेरे ही सीमेवरची खिंड २५३७ मीटरवर आहे आणि एलेना २०६२ वर. एलेना सोडलं की पावणेपाचशे मीटरची चढण, गटाला साधारण दीड तास. पलीकडे स्विस बाजूच्या ला प्यूल निवाऱ्याचं छप्पर गाठायला आणखी तासभर. या अडीच तासांत झाड नाही, भिंत नाही, कसलाच आडोसा नाही. तुम्ही एलेनाला सव्वाबाराला पोचलात आणि अंदाज दुपारी एकपासून विजांच्या वादळाचा होता. पुढे निघाला असतात तर पावणेदोनला सगळे उघड्या खिंडीत असता. तुम्हाला पुढे जाताना दिसलेल्या गटांचा हिशोब त्यांच्या लीडरने केला असेल. आम्हाला आमच्या माणसांचा करायचा होता.

पाऊस किती, हा प्रश्नच नव्हता. आल्प्समध्ये उन्हाळ्यात सकाळपासून तापलेल्या उतारांवरची हवा वर चढते, दुपारपर्यंत ढग उभे वाढतात आणि वीज आधी उंच, उघड्या जागी पडते. सह्याद्रीतला पाऊस अंगावर घेता येतो, कारण हवा उबदार असते. ही खिंड इटलीतल्या कुर्मायर गावापेक्षा १३०० मीटर उंच, म्हणजे तिथली हवा आठेक अंशांनी थंड. त्यात वारा आणि ओले कपडे असले की बोटं आखडतात, जॅकेटची चेन ओढता येत नाही, माणूस बोलायचा थांबतो. उतरताना स्विस बाजूची वाट गवताळ उतारावरून तिरकी जाते. ती भिजली की बुटाच्या तळव्याच्या खाचा चिखलाने बुजतात आणि पकड संपते. घोटा मुरगळलाच, तर वादळ ओसरेपर्यंत हेलिकॉप्टरही येऊ शकत नाही. विजेत एकमेकांपासून लांब, सॅकवर उकिडवं बसणं हा अगदी शेवटचा उपाय आहे. तशी वेळ येऊ न देणं हेच लीडरचं काम.

ओस्ता, ग्रेट सेंट बर्नार्ड बोगदा आणि ओर्सिएरमार्गे ला फुली या स्विस गावापर्यंतच्या गाडीचं भाडं आम्ही भरलं. मुक्काम आणि जेवण ठरल्याप्रमाणेच झालं, त्यामुळे परतावा देता येणार नाही.

शिक्का चालत गेला असतात तरी मिळाला नसता. खिंडीत चौकीच नाही. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. नोंद होते ती शेंगेनमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना. म्हणूनच तिन्ही देशांना एकच सिंगल एंट्री व्हिसा पुरतो. पासपोर्ट मात्र सॅकमध्ये हवाच, कारण पोलीस कुठेही विचारू शकतात आणि इटलीतल्या हटमध्ये ओळखपत्राची नोंद होते.

फोनचं म्हणाल तर स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे ‘युरोप’ लिहिलेल्या प्रत्येक पॅकमध्ये ते असतंच असं नाही. सीमेजवळ फोन आपोआप पलीकडचं नेटवर्क पकडतो. निघण्याआधीच्या सूचनापत्रात लिहिल्याप्रमाणे एलेनाला डेटा रोमिंग बंद करायचं. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर जीपीएस तसंही चालतं. ११२ दोन्ही बाजूंना लागतो, स्विस बाजूला बचावाचा १४४ सुद्धा. आणि व्हिसासाठी लागणाऱ्या ३०,००० युरोच्या विम्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च धरलाय का, हे प्रत्येकाने पॉलिसीत वाचून घ्यावं. हे फार जण बघत नाहीत.

खिंड पायी ओलांडायची तुमची इच्छा आम्हाला कळते. पुन्हा जाल तेव्हा आदली रात्र कुर्मायरऐवजी एलेनातच काढा, जागा काही महिने आधी धरा आणि सकाळी सातला चालायला लागा. नऊच्या आत खिंड मागे पडते. जुलैच्या सुरुवातीपर्यंत वर बर्फाचे पट्टे असू शकतात, म्हणून शक्यतो जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडा.